लोसा जेवत का नव्हती

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात डॉक्टर लिहितात, आयटीवाले लिहितात, एकदा एका प्रोफेसरांनी ताऱ्यांवर लिहिलं होतं. मी मंडळाचा स्वयंपाक करतो. यंदा गणपतीत मी मसालेभात ढवळत असताना संपादक डॉक्टर मॅडम हॉलच्या किचनमध्ये आल्या.

"दत्ताराम, तुमच्या केअर होममधल्या त्या समोआच्या आजींची गोष्ट तुमच्या बायकोने, सुनीताने, मला सांगितली. अंकासाठी लिहून द्या."

"मॅडम, मी नववी अर्धी सोडलेला माणूस. ऱ्हस्व-दीर्घाचं काय?"

"ते माझ्यावर सोडा."

सोडलं. चुका राहिल्या असतील तर त्या मॅडमच्या, एवढं सांगून सुरू करतो. माणसांची नावं बदलली आहेत. ज्यांची परवानगी घ्यायची त्यांची घेतली आहे, तीही दोनदा. मी तसा भित्रा माणूस आहे.

कॉव्हेंट्रीतल्या एका केअर होममध्ये मी कुक आहे. बाहेरच्यांना वाटतं, म्हाताऱ्यांचा स्वयंपाक म्हणजे काय, तिखट-मीठ कमी, झालं. पण केअर होमचं किचन म्हणजे निम्मा दवाखाना. कुणाला गिळता येत नाही, त्याचं जेवण मऊ वाटून द्यायचं, आणि ते वाटण कसं, तर चमचा तिरका केला की एकसंध गोळा पडला पाहिजे. कुणाचं वजन घटतंय, त्याच्या बटाट्याच्या मॅशमध्ये लोणी आणि क्रीम जास्त. कुणाला शुगर, कुणाला शेंगदाणा बाधतो. हे सगळं भिंतीवरच्या तक्त्यात असतं आणि तो तक्ता मी सकाळी देवासारखा बघतो. चूक झाली तर माणूस जातो. ही भीती मनात घेऊन मी रोज गॅस पेटवतो.

शिजवणं कुणालाही येईल. माझ्या कामातली खरी विद्या म्हणजे परत आलेल्या प्लेट वाचणं. मटण राहिलं आणि ग्रेव्ही संपली, तर दात दुखतोय. प्लेटचा उजवा अर्धा भाग साफ आणि डावा जसाच्या तसा, तर त्या माणसाला डावीकडचं दिसत नाहीये; स्ट्रोकनंतर असं होतं. हे मी दोन वेळा नर्सच्या आधी ओळखलं आहे. सांगताना जरा फुशारकी होते, पण शाळेत कशातच पहिला आलो नाही, तर एवढी मला असू द्या.

आता समोआ. मी समोआत नऊ वर्षं होतो असं म्हटलं की लोक विचारतात, "आफ्रिकेत ना?" नाही. पॅसिफिक महासागरात. नकाशावर दोन माशा बसल्यासारखी दिसणारी बेटं. गोव्यात ज्या शेफच्या हाताखाली मी कांदे चिरले, तो तिथल्या राजधानीत, आपियाला, एका हॉटेलात गेला आणि त्याने मला बोलावून घेतलं. त्याचे उपकार मी अजून मोजतो. हॉटेलात पाहुण्यांशी इंग्रजी, ऑफिसात इंग्रजी. पण किचन समोअन बोलायचं. माझं इंग्रजी तेव्हा 'येस सर'पुरतं, त्यामुळे समोअन आधी आलं, इंग्रजी नंतर. ते बोलण्याच्याही दोन तऱ्हा आहेत. एक चर्चची, शाळेची. दुसरी घरची, मासळीबाजाराची. तिच्यात 'त'चा 'क' होतो. 'फाआफेताय' म्हणजे आभार. किचनमध्ये त्याचं 'फाआफेकाय'. मी अर्थात दुसरी तऱ्हा शिकलो. आणि 'हो' म्हणायला तोंड उघडायची पद्धतच नाही. भुवया वर केल्या की हो. पहिला आठवडाभर मी विचारायचो, "मीठ बरोबर आहे का?" आणि समोरचे नुसत्या भुवया उडवायचे. मला वाटलं, चेष्टा करतायत.

पहिल्याच महिन्यात किचनमधल्या सेफोने मला रविवारी घरी जेवायला बोलावलं. तिथे रविवारी चर्चवरून आल्यावर तापलेल्या दगडांवर भाजलेलं जेवण असतं. अळूचे कंद, कच्ची केळी, मासे, नारळाच्या दुधातली कोवळी पानं. चटईवर मला बसवलं, केळीच्या पानावर सगळं वाढून माझ्यासमोर ठेवलं. समोर सेफोची आजी. कडेला वीसेक माणसं, आणि कुणाच्याच पुढे पान नाही. मला लाज वाटली. आपल्या रीतीने मी म्हटलं, "नको, नको, तुम्ही घ्या ना."

आपल्याकडे पाहुणा तीनदा नको म्हणतो आणि यजमान चौथ्यांदा वाढतो. तिथे मी नको म्हटलं आणि सगळे गप्प बसले. मीही हसून गप्प. मासे निवले. आजी माझ्याकडे बघतेय, पोरं माशांकडे बघतायत. चांगला तासभर गेला असेल. शेवटी सेफो माझ्या कानाशी आला.

"दत्ता, तुला काय उपास आहे?"

"नाही रे."

"मग खा की! तू पाहुणा. तू खाल्ल्याशिवाय आजी खाणार नाही, आजीने खाल्ल्याशिवाय आम्ही नाही. आणि सकाळपासून आम्ही चर्चमध्ये उपाशी गाणी म्हणतोय!"

मी जो तुटून पडलो, तो आजी हसेपर्यंत.

पुढे लग्न झालं. सुनीता नर्स. तिला इंग्लंडच्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली आणि मी तिच्या व्हिसावर तिच्यामागून आलो. ह्या देशात मी आहे तो बायकोच्या शिक्षणावर, हे मी विसरत नाही, आणि सुनीता मला त्याची आठवण कधी करून देत नाही.

लोसा आमच्या होममध्ये आली तेव्हा तिच्या फाइलवरचं 'समोआ' मी तीनदा वाचलं. वय एक्याऐंशी. गावाकडच्या शाळेत आयुष्यभर शिक्षिका. तिच्या मुलीने ग्रॅहम नावाच्या इथल्या ट्रक ड्रायव्हरशी लग्न केलं आणि आईला इकडे आणलं. मग मुलगीच आजारात गेली. लोसा जावयाकडे राहिली. सासू-जावई दोघंच, आणि बोलणं सगळं इंग्रजीत. मग लोसाला स्ट्रोक आला आणि त्यात तिचं इंग्रजी पुसून गेलं. समोअन तेवढं उरलं, तेही तुटक. ग्रॅहमला समोअनमधलं गुड मॉर्निंगही धड येत नव्हतं. बिचाऱ्याची नजर अधू झालेली, लायसन्स परत केलेलं. पण दर रविवारी दुपारी बसने यायचा आणि तिच्याजवळ पेपर वाचत बसायचा.

पहिल्या दिवशी मी ॲप्रन बदलून तिच्या खुर्चीपाशी गेलो. हात जोडले, नमस्कार केला आणि माझ्या समोअनमध्ये तिचं स्वागत केलं. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग स्ट्रोकनंतरचं, ग्रॅहम म्हणतो, तिचं पहिलं पूर्ण वाक्य आलं.

"कुठल्या शाळेत शिकलास?"

"हॉटेलच्या किचनमध्ये, आजी."

"वाटलंच." मग बोट उभारून, "फाआफे-ताय. म्हण."

"फाआफेकाय."

"ताय!"

तीनदा म्हणायला लावलं. तिची देखभाल करणारी केअरर, केली नावाची पोरगी, तिने टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरून आले. नववीनंतर कुणी माझा धडा घेतला नव्हता.

लोसा डायनिंग हॉलमध्ये सगळ्यांबरोबर बसून छान जेवायची. हिवाळ्यात तिच्या छातीत कफ झाला, अशक्तपणा आला, म्हणून तिचं जेवण खोलीत द्यायला लागलो. तेव्हापासून ती जेवेना. केली शेजारी बसायची, चमचा भरायची, "कम ऑन, लव्ह, जस्ट अ लिटल बिट." लोसा तोंड घट्ट मिटून घ्यायची. कोण किती जेवलं ते केअरर रोज चार्टवर लिहितात. लोसाच्या चार्टवर एकच शब्द यायला लागला: रिफ्यूज्ड. म्हणजे नाकारलं. सकाळी रिफ्यूज्ड, दुपारी रिफ्यूज्ड. औषधाचे दुधाळ शेक तेवढे प्यायची. गिळण्याची तपासणी करणारी थेरपिस्ट आली, म्हणाली, गिळायला काही अडचण नाही. मग खात का नाही?

मी कुक. मला वाटलं, अन्न परकं आहे, दुसरं काय! भारतीय दुकानातून कच्ची केळी आणली, नारळाच्या दुधात शिजवली, मऊ केली आणि कुणाला न विचारता पाठवली. मनात म्हटलं, आता बघा. प्लेट जशी गेली तशी परत आली. वर मॅनेजर पॉलीनने मला ऑफिसात बोलावलं.

"दत्ता, तुझं मन चांगलं आहे. पण प्लॅनबाहेरचं अन्न रेसिडेंटला द्यायचं नाही. परत नको. प्लीज."

प्लीज म्हणताना ती हसली नाही.

मी स्वतः लोसाकडे गेलो. "आजी, भूक आहे का?" तिने भुवया वर केल्या. आहे. "मग जेवा ना." तिने समोरच्या प्लेटकडे हात केला आणि मला म्हणाली, "साउ ए आय." ये, जेव. समोआत रस्त्याने जाणाऱ्याला घरातून असं ओरडतातच, आपण 'या जेवायला' म्हणतो तसं. जाणारा हात हलवून पुढे जातो. मीही हसून म्हटलं, "नको, नको, माझं झालंय. तुम्ही घ्या." तिने प्लेट थोडी बाजूला सरकवली.

 ज्या चटईवर वीस माणसं उपाशी ठेवली, ती मला तेव्हा आठवली नाही.

तीन आठवड्यांत तिचं वजन इतकं उतरलं की पॉलीनने कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, कळवलं. गुरुवारी मीटिंग ठरली. कौन्सिलची सोशल वर्कर येणार आणि लोसाला जास्त आजारी माणसांच्या नर्सिंग होममध्ये हलवायचं का ते ठरणार. जागा होती ती दुसऱ्या गावात, दोन बस आणि एक ट्रेन. ग्रॅहमला ते ऐकून काही सुचेना. त्याला स्टॉपवर बसचा नंबर दिसत नव्हता, लोकांना विचारून चढायचा. तिथे तो पोचलाच नसता, आणि तिला आयुष्यात तो एकच उरला होता.

मीटिंगच्या आधीच्या रविवारी मी चहाचे ट्रे धूत होतो. आमच्याकडे भेटायला येणाऱ्यांना चार वाजता चहा-केक देतात. लोसाच्या खोलीतून ट्रे आला: दोन कप रिकामे, दोन्ही प्लेट रिकाम्या. दर रविवारी असाच यायचा. सगळे म्हणायचे, ग्रॅहमला गोड आवडतं. त्या दिवशी तो निघताना किचनच्या खिडकीशी थांबला, म्हणून सहज विचारलं, "दोन्ही केक तूच का रे?"

"छे! एक तिचा. माझ्याबरोबर ती केक खातेच."

मी हातातली प्लेट सिंकमध्येच ठेवली. हॉलमध्ये सगळ्यांपुढे प्लेट असते, तिथे ती खायची. ग्रॅहमपुढे केक असतो, तेव्हा खाते. खोलीत केली रिकाम्या हाताने बसते, तेव्हा खात नाही. लोसाच्या दृष्टीने खोली तिचं घर होतं, आणि गळ्यात बिल्ला घालून आलेली पोरगी पाहुणी. पाहुणी उपाशी असताना ती कशी जेवेल? नकार-बिकार काही नव्हता. बाई आपली रीत पाळत होती.

आता मी लगेच धावलो असेन असं तुम्हाला वाटेल. नाही. सोमवारी मी बोललो नाही. मंगळवारी पॉलीनच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. स्टाफने रेसिडेंटबरोबर खायचं नाही असा नियम आहे, तो चौकटीत लावलेला आहे. केळ्यांचं प्रकरण ताजं होतं. मनात येई, आपण कोण? थेरपिस्टला कळलं नाही ते नववी अर्धी सोडलेल्या कुकला कळलं, असं म्हणायचं? बुधवारी संध्याकाळी जेवताना सुनीताला सांगितलं. तिचा घास हातातच राहिला.

"अहो, तीन दिवस? तुम्हाला माहीत असून?"

"नोकरी गेली तर?"

"गेली तर दुसरी मिळेल. ती बाई गेली तर?"

 ती उठली, माझं पान तिने झाकून ठेवलं. "आधी उद्याचं काय बोलणार ते मला म्हणून दाखवा. मग जेवा." सुनीता फार कमी चिडते. म्हणून दाखवलं. इंग्रजीतून, चार वेळा.

गुरुवारी सकाळी मी पॉलीनला सगळं सांगितलं. चटई, सेफो, केक. ती पेन टेबलावर आपटत ऐकत राहिली.

"नियम तुला माहीत आहे."

"माहीत आहे."

"सोशल वर्कर बाराला येतेय." मग पेन खाली ठेवून, "लंच काय आहे?"

"फिश पाय," मी म्हटलं. मासे, वर बटाट्याचा थर.

"दोन प्लेट पाठव. बघू. आणि दत्ता, आत येऊन भाषण नको."

दोन प्लेट मीच घेऊन गेलो. लोसाच्या खोलीत छोटं टेबल, टेबलाशी लोसा, समोर सोशल वर्कर, चाळिशीची शांत बाई, मांडीवर फॉर्म. ग्रॅहम पलंगाच्या कडेला टोपी कुरवाळत बसलेला. पॉलीन दाराशी. मी एक प्लेट सोशल वर्करपुढे ठेवली, एक लोसापुढे.

"ओह, नो, थँक यू," ती बाई गोड हसून म्हणाली. "मी खाऊन आलेय." आणि प्लेट हळूच कडेला सारली.

लोसाने तिच्याकडे हात केला. "साउ ए आय."

बाईने मान हलवली, पुन्हा हसली. लोसाने चमचा खाली ठेवला, तोंड मिटलं. बाई फॉर्मवर लिहायला लागली. उलट्या बाजूने मला वाचता येत नव्हतं, पण शब्द कुठला ते मला पाठ होतं. पॉलीनने मला डोळ्यांनी 'जा' म्हटलं.

मी निघालो होतो, खरंच निघालो होतो. पाय दारात अडले.

"मॅडम, प्लीज ईट."

"सॉरी?"

"शी इज वेटिंग फॉर यू."  आदल्या दिवशी पाठ केलेलं सगळं इंग्रजी पळालं. "ती नाही म्हणत नाहीये, मॅडम. नाही आपण म्हणतोय. ती रोज बोलावते, आपण रोज नाही म्हणतो. केली नाही म्हणाली. मी नाही म्हणालो. तीन आठवडे. रिफ्यूज्ड आपण केलंय."

"दत्ता," पॉलीन म्हणाली.

सोशल वर्करने माझ्याकडे पाहिलं, मग लोसाकडे. पेन खाली ठेवलं. प्लेट जवळ ओढली आणि मोठा घास तोंडात घातला. गरम होता, तिला चटका बसला असणार. पण तिने गिळला. लोसा तिच्या गळ्याकडे बघत होती. घास खाली उतरला तशी लोसाने स्ट्रोकनंतर धड उरलेल्या डाव्या हाताने चमचा उचलला.

 दोघी जेवत होत्या. चार-पाच घास झाल्यावर लोसाने वर बघितलं आणि मला समोअनमध्ये झापलं, "मोठी माणसं जेवत असताना उभा काय राहतोस? बस खाली!" मी कार्पेटवर मांडी घालून बसलो. "ती काय म्हणाली?" सोशल वर्करने विचारलं. मी सांगितलं. तिने ते फॉर्मवर लिहून घेतलं.

लोसा आमच्याकडेच राहिली. फॉर्ममध्ये एक नवी ओळ आली, नियमाला एक लेखी अपवाद मिळाला, आणि खोलीत जाणारी केअरर स्वतःची छोटी प्लेट घेऊन जाते. केलीचं वजन वाढलं, अशी तिची तक्रार आहे. पॉलीनने मला ऑफिसात बोलावून सांगितलं की मीटिंगमध्ये मधे बोलायचं नसतं. मग म्हणाली, तू रविवारीच का नाही बोललास?  रविवारी रात्रीपासून गुरुवार दुपारपर्यंत लोसाने जी जेवणं परत पाठवली, त्यातली प्रत्येक प्लेट मी धुतली आहे, आणि त्यातली एकही मी न वाचता धुतली नव्हती.

त्या गुरुवारी मीटिंग संपल्यावर ग्रॅहम किचनच्या खिडकीशी येऊन उभा राहिला. 

"मी रविवारी इथे यायचो ना, तो पबमध्ये जेवण उरकून," तो म्हणाला. "तिला उगाच त्रास नको म्हणून. घरी होती तेव्हाही, कामावरून येताना मी वाटेत काहीतरी खाऊन यायचो. म्हणायचो, तू खा, मम, माझं झालंय. अभिमान होता मला त्याचा. सासूला राबवत नाही म्हणून."

"मग ती काय करायची?"

"प्लेट बाजूला ठेवायची आणि माझ्याशी गप्पा मारत बसायची." त्याने टोपी डोक्यावर घातली, परत काढली. "मी झोपायला गेल्यावर जेवत असेल. मी कधी बघितलंच नाही, दत्ता."

मी त्याला चहा दिला. 

आता रविवारी तो चारला येत नाही, साडेबाराला येतो. सकाळचा टोस्टसुद्धा खात नाही. बस स्टॉपवरून धापा टाकत येतो आणि दारातूनच ओरडतो, "दत्ता, पोटात कावळे ओरडतायत, मेट, काय आहे?" इंग्रजीत कावळे नसतात, ते मी घातले. मी आधी त्याची प्लेट भरतो.